रिपोर्टवरचं 'नॉन-स्पेसिफिक' आणि चार टाक्यांचं प्रोटीन

गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला, "भावोजी, पोराचा रिपोर्ट पाठवलाय व्हॉट्सअॅपवर, तेवढा बघून सांगा की. डॉक्टरांनाच कळलं नाही वाटतं काय झालंय ते, नॉन-स्पेसिफिक म्हणून लिहिलंय."

पोरगं म्हणजे माझा पुतण्या, वय एकोणीस, फुटबॉलचं वेड. (कोल्हापुरात राहून फुटबॉलचं वेड नसेल तर तेच विचारावं लागतं.) झालं असं की एका संध्याकाळी हा गूळ आणि मूठभर शेंगदाणे तोंडात टाकून प्रॅक्टिसला गेला, अर्ध्या तासात अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले. घरी आल्यावर आमसुलाचं पाणी लावलं, "उन्हातान्हात पळतोय, उष्णता झाली" असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि विषय संपला. तीन आठवड्यांनी परत तेच, यावेळी श्वासही लागला, मग दवाखाना, मग अॅलर्जीवाले डॉक्टर, मग रक्ताची तपासणी. आणि घरात गोंधळ असा की हेच पोरगं रोज सकाळी भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी चेपून खातंय आणि त्याला काही म्हणजे काही होत नाही.

रिपोर्टवर तीन ओळी महत्त्वाच्या होत्या. 'आरा एच २' निगेटिव्ह, 'आरा एच ९' पॉझिटिव्ह, आणि 'प्रू पी ३' पण पॉझिटिव्ह. शेवटच्या दोघांपुढं लिहिलेलं: नॉन-स्पेसिफिक लिपिड ट्रान्सफर प्रोटीन. वहिनींनी गूगल करून शोधलं होतं की प्रू पी म्हणजे पीच. "आमच्या पोरानं जन्मात पीच खाल्लं नाही, मग हे कुठून आलं?"

मी बरीच वर्षं बीएस्सीच्या पोरांना बायोकेमिस्ट्री शिकवतोय, तरी फोनवर हे दोन मिनिटांत सांगता येईना. म्हणून निवांत लिहून काढतोय, कारण असे रिपोर्ट आता बऱ्याच जणांच्या हातात पडायला लागलेत आणि वाचून कुणालाच काही कळत नाही.

## आधी ते कोड फोडू

सोपं आहे. झाडाच्या शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दाची तीन अक्षरं, दुसऱ्या शब्दाचं एक, आणि पुढं नंबर. शेंगदाणा म्हणजे आराकिस हायपोजिया, म्हणून आरा एच. पीच म्हणजे प्रूनस पर्सिका, म्हणून प्रू पी. नंबर म्हणजे त्या पदार्थातलं कितवं अॅलर्जी करणारं प्रोटीन नोंदवलं गेलं तो क्रमांक. म्हणजे 'शेंगदाण्याची अॅलर्जी' ही एक गोष्ट नाहीच, शेंगदाण्यात डझनभर वेगवेगळी प्रोटीनं आहेत आणि कुणाचं शरीर कुणावर चिडेल हे वेगवेगळं. आरा एच २ हे बियांत साठवलेलं प्रोटीन, शेंगदाण्याच्या जबर रिअॅक्शनमध्ये बहुतेक वेळा त्याचा हात असतो. आरा एच ९ हे लिपिड ट्रान्सफर प्रोटीन, इथून पुढं मी त्याला एलटीपी म्हणतो.

आणि 'नॉन-स्पेसिफिक' म्हणजे डॉक्टरांना कळलं नाही असं नव्हे हो. ते त्या प्रोटीनच्या स्वभावाचं वर्णन आहे. टेस्ट ट्यूबमध्ये बघितलं तेव्हा ते कुठल्याही जातीचं लिपिड उचलतं असं दिसलं, ठरावीकच पाहिजे असा हट्ट नाही, वडाप रिक्षासारखं, जो येईल तो आत. म्हणून नॉन-स्पेसिफिक.

## लिपिड म्हणजे मिसळीवरचा कट

लिपिड म्हणजे तेल, तूप, मेण या जातीचे रेणू. त्यांचा एकच दुर्गुण: पाण्यात विरघळत नाहीत. मिसळीवर लाल कट तरंगतो ना, कितीही ढवळा, परत वर येऊन बसतो, तेच. आता अडचण बघा. प्रत्येक पेशीभोवती लिपिडचं पातळ आवरण असतं, आतल्या छोट्या खोल्यांच्या भिंतीही लिपिडच्याच, आणि मधली सगळी जागा पाण्यानं भरलेली. लिपिड तयार होतं बहुतांशी एकाच कारखान्यात आणि लागतं मात्र सगळीकडं. पाण्यातून तेल न्यायचं कसं?

एक मार्ग असा की भिंतीचाच फुगा तुटून निघतो आणि दुसरीकडं जाऊन चिकटतो. दुसरा मार्ग हा की एखादं प्रोटीन लिपिडचा रेणू पोटात घेतं, तेलकट भाग आत झाकून टाकतं, स्वतः बाहेरून पाण्याशी गोडीनं वागतं आणि पलीकडं नेऊन सोडतं. हे काम करणारी ती लिपिड ट्रान्सफर प्रोटीनं.

इथं एक घोळ आधीच मिटवतो. हे नाव घराण्याचं नाही, धंद्याचं आहे. 'ड्रायव्हर' म्हटल्यावर सगळे एका घरचे नसतात, तसंच. प्राण्यांच्या पेशीत लिपिड वाहणारी प्रोटीनं वेगळ्या घराण्यांची, झाडांतली वेगळी, एकमेकांशी नातं नाही पण काम एकच. ढोबळमानानं कामाच्या दोन पद्धती आहेत, घागर आणि पाट. घागरवाली प्रोटीनं एकेक रेणू भरून नेतात, परत येतात, परत नेतात. आपल्या पेशीत सेरामाइड नावाचं लिपिड नेणारं सर्ट नावाचं प्रोटीन आहे, २००३ साली सापडलं, ते असंच. पाटवाली म्हणजे चक्क लांबलचक पन्हळ, दोन भिंतींच्या मध्ये टाकलेली, आतून तेलकट, त्यातून लिपिड सरकत जातं. व्हीपीएस १३ हे त्यातलं गाजलेलं नाव. माणसात याचे चार प्रकार आहेत आणि त्यांच्यात बिघाड झाला की मेंदूचे, मज्जासंस्थेचे दुर्मिळ आजार होतात, एका प्रकाराचं तर पार्किन्सनशी नातं आहे. ही पन्हळ लिपिड वाहते हे कळलं २०१८ च्या सुमारास, म्हणजे अगदी काल-परवा. (पन्हळ लिहिताना दरवेळी हात आपोआप पन्हाळा लिहायला जातोय, माफ करा.)

पण पुतण्याच्या रिपोर्टवर आहे ते झाडांचं एलटीपी, आणि ते घागरीतली पण घागर, इतकं छोटं. म्हणून इथून पुढं फक्त त्याचंच बोलू.

## आठ खुणा, चार टाके

कुठलंही प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. झाडाच्या एलटीपीत साधारण ९० मणी, पीचवाल्यात नेमके ९१. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या सातव्या हिश्श्याएवढं वजन. या ९० मण्यांत आठ मणी खास असतात, सिस्टीन नावाचे, ज्यांच्या अंगाला गंधक असतं. दोन सिस्टीन समोरासमोर आले की गंधकाला गंधक चिकटतो आणि पक्का टाका बसतो. आठ सिस्टीन, म्हणजे चार टाके.

कोल्हापुरी चप्पल आठवा. अस्सल चप्पलेत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीनं शिवलेली असते, तळ आणि वरचं चामडं टाक्यांनी एकमेकांना आवळून धरलेलं. एलटीपीचं तसंच आहे. माळ चार ठिकाणी स्प्रिंगसारखी वेटोळी घेते, ती चार वेटोळी एकमेकांना टेकून उभी राहतात, चार टाके त्यांना आवळतात, आणि मधे राहते एक पोकळी. पोकळीच्या आतल्या बाजूला सगळे तेलकट मणी, बाहेरच्या बाजूला पाण्याशी पटणारे. लिपिडची शेपटी त्या पोकळीत जाऊन झोपते. बास, एवढीच रचना. मोठमोठ्या प्रोटीनांचं चित्र बघितलं की नूडल्सचा ढीग वाटतो, हे मात्र इतकं आटोपशीर आहे की मी वर्गात फळ्यावर एका दमात काढतो.

आठ सिस्टीनची मांडणी पण ठरलेली. माळेवरून बोट फिरवत गेलात तर पहिला, मग काही मणी, दुसरा, मग काही मणी, तिसरा आणि चौथा अगदी खेटून, मग पाचवा, मधे एकच मणी आणि सहावा, मग सातवा, मग आठवा. कुठल्याही झाडाच्या जनुकांत ही खूण दिसली की शास्त्रज्ञ म्हणतात बहुतेक एलटीपीचं घराणं. बहुतेक अशासाठी की हाच सांगाडा चुलत भावंडांतही आहे. मगाशी म्हटलेलं आरा एच २ सुद्धा याच मोठ्या खानदानातलं, टाके तेच पण पोकळीचा धंदा वेगळा.

## मग जाती कशा पाडल्या?

सुरुवातीला सोपं होतं. वजनावरून दोन ढीग: साधारण ९ किलोडाल्टनचं ते एलटीपी १, साधारण ७ किलोडाल्टनचं ते एलटीपी २. (किलोडाल्टन म्हणजे रेणूंचं वजन मोजायचं माप, एवढंच समजा.) नंतर आत डोकावून बघितल्यावर कळलं की फरक नुसता वजनाचा नाही, शिलाईचा आहे.

पहिल्या प्रकारात टाके असे: पहिला सहाव्याला, दुसरा तिसऱ्याला, चौथा सातव्याला, पाचवा आठव्याला. दुसऱ्या प्रकारात पहिला पाचव्याला आणि सहावा आठव्याला, बाकी दोन टाके तसेच. म्हणजे फक्त पाचव्या-सहाव्यानं जोडीदार बदलले! आणि कशामुळं? तर त्या दोघांच्या मधे जो एकुलता एक मणी आहे ना, तो पहिल्या प्रकारात पाण्याशी पटणारा असतो म्हणून बाहेर तोंड करतो, दुसऱ्या प्रकारात तेलकट असतो म्हणून आत वळतो, आणि तो वळला की शेजारचे दोघं पण फिरतात. नव्वदातला एक मणी आणि अख्खी शिवण बदलली. मला हे दरवर्षी शिकवताना तितकंच भारी वाटतं, पोरं जांभया देत असतात तो भाग वेगळा.

शिवण बदलली की पोकळी बदलते. एलटीपी १ मधे लांब बोगदा, त्यात लांब शेपटीची लिपिडं बसतात. एलटीपी २ ची पोकळी जास्त लवचिक, त्यात चपटी, ताठ स्टेरॉलसारखी मंडळी पण मावतात.

मग झाडांचे जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचे नकाशे, यायला लागले आणि दोन ढिगांची पद्धत कोलमडली. २००८ मध्ये तांदूळ, गहू आणि अॅराबिडॉप्सिस (हे प्रयोगशाळेतलं लाडकं मोहरीच्या जातीचं रोपटं) यांची जनुकं तपासून नऊ प्रकार पाडले गेले. एकट्या तांदळात ५२ जनुकं निघाली! पण ही विभागणी फुलं येणाऱ्या झाडांवरून केलेली, मॉससारख्या जुन्या वनस्पती तिच्यात नीट बसेनात. म्हणून २०११ मध्ये नवी पद्धत आली. तिच्यात माळेतल्या मण्यांच्या क्रमातलं साम्य, सिस्टीनमधली अंतरं, जनुकात मधे येणारा तुकडा कुठं आहे ते, आणि प्रोटीनला दावं आहे की नाही, हे सगळं बघतात. दावं म्हणजे शब्दशः दावं. काही एलटीपी पेशीच्या आवरणाला एका लिपिडच्या दोरीनं बांधलेली असतात, दूधकट्ट्यावर म्हैस खुंट्याला बांधतात तशी, आपल्या परिघात फिरायचं पण पळून जायचं नाही. अशा बांधलेल्यांना जी प्रकार म्हणतात. एक, दोन, सी, डी आणि जी हे पाच मोठे प्रकार, बाकी चार-पाच किरकोळ, त्यांची अक्षरं पाठ करायची गरज नाही.

या विभागणीतून एक गंमत बाहेर आली. पाण्यातल्या हिरव्या शैवालात एलटीपी सापडतच नाहीत. मॉसमध्ये डी आणि जी सापडतात, एक आणि दोन नंतर आले. म्हणजे वनस्पती पाण्यातून जमिनीवर चढली त्या सुमारास हे घराणं उगवलं. जमिनीवर आल्यावर पहिली भीती कसली, तर वाळण्याची, आणि त्यावर इलाज म्हणजे अंगाला मेण चोपडणं.

## उसाच्या कांडीवरची पांढरी भुकटी

ऊस तोडायला गेला असाल तर कांडीवर पांढरट थर बघितला असेल, नखानं खरवडला की निघतो. ते मेण. द्राक्षावर असतं, कोबीच्या पानावर असतं, म्हणून त्यावर पाणी ठरत नाही. हे मेण तयार होतं पेशीच्या आत आणि लागतं बाहेर, आणि मधे पेशीची ओली भिंत. ही वाहतूक करण्यात एलटीपीचा हात आहे असं मानायला चांगली कारणं आहेत: अॅराबिडॉप्सिसमध्ये जी प्रकारातलं एक जनुक बिघडवलं की खोडावरच्या मेणाचं गणित बिघडतं.

इथं इतिहासातला एक विनोद सांगायलाच पाहिजे. १९६८ मध्ये उंदराच्या यकृतात दिसलं की लिपिड एका भागातून दुसऱ्या भागात न्यायला विरघळलेलं प्रोटीन मदत करतं. मग फ्रान्समध्ये जाँ-क्लोद कादेर यांनी १९७५ मध्ये बटाट्यात तसंच प्रोटीन दाखवलं आणि सगळ्यांना वाटलं की झाडाच्या पेशीच्या आत लिपिडची ने-आण करणारा हमाल सापडला. पुढं १९९१ च्या आसपास कळलं की या प्रोटीनच्या सुरुवातीला 'मला पेशीच्या बाहेर पाठवा' अशी चिठ्ठी असते, आणि ते सापडतंही बाहेरच, सालीजवळ. बाहेर राहणारा आतलं सामान कसं हलवणार? टेस्ट ट्यूबमध्ये जे करतं ते घरी करतच नाही. पण नाव पडलं ते पडलं. शिवाय काही एलटीपी बुरशी आणि जिवाणूंशी लढतात, एक तर झाडाच्या एका पानाला रोग झाला की बाकीच्या पानांना सावध करण्याच्या कामात आहे. म्हणजे 'ट्रान्सफर' हा शब्द पण अर्धाच खरा.

आणि सालीजवळ असण्याचा परिणाम? पीचच्या सालीत हे गरापेक्षा कितीतरी जास्त असतं. मग साल काढून खाल्लं की झालं का, असं वाटेल. थोडा फरक पडतो, पण गरात शून्य नसतं आणि टोमॅटोच्या तर बियांतही वेगळी एलटीपी आहेत.

## "पण भाजल्यावर, शिजवल्यावर मरत नाही का?"

वहिनींचा पहिला प्रश्न हाच. शेंगदाणे तर भाजूनच खातो आपण.

चार टाके विसरला नाहीत ना. साधं प्रोटीन तापवलं की उसवतं, अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो तसं. एलटीपी जवळजवळ उकळत्या पाण्याएवढं तापवलं तरी बराचसा आकार टिकवून धरतं, आणि थोडं उसवलं तरी गार झाल्यावर टाक्यांच्या आधारानं परत मूळ आकारात येऊ शकतं. बीअरच्या फेसाचं उदाहरण देतो, (चेहरे खुलले बघा.) बार्लीतलं एलटीपी १ रस उकळून काढल्यावरही शिल्लक राहतं, आणि फेस टिकायला मदत करतं.

पोटातही तेच. पोटातली पाचक रसायनं प्रोटीनचे तुकडे करतात, पण त्यासाठी कात्रीला माळेचा सैल भाग सापडावा लागतो, आणि इथं सगळं आवळून शिवलेलं. त्यामुळं एलटीपी अख्खंच्या अख्खं आतड्यापर्यंत पोचतं आणि तिथून रक्तात. बर्च नावाच्या झाडाच्या परागकणांची अॅलर्जी असलेल्या लोकांना कच्चं सफरचंद खाल्लं की तोंड खाजतं पण शिजवलेलं चालतं, कारण तिथलं प्रोटीन वेगळं, विनाटाक्याचं, उष्णतेनं मोडतं. एलटीपीवाल्याला ती सवलत नाही. झाडानं ऊन, वारा, बुरशी सोसायला जी शिवण घातली तीच नेमकी आपल्याला नडते.

## "मग पीच कुठून आलं?"

आपली प्रतिकारशक्ती प्रोटीनचं नाव वाचत नाही, पृष्ठभागाचा आकार चाचपते. शेंगदाणा आणि पीच ही लांबची झाडं, पण एलटीपी १ ची शिवण दोघांत एकच, म्हणून एकाविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी (रिपोर्टवर पॉझिटिव्ह म्हणजे रक्तात हीच सापडली) दुसऱ्यालाही पकडू शकते. द्राक्ष, सफरचंद, अक्रोड, मका, टोमॅटो सगळ्यांत त्याच साच्याची भावंडं आहेत. याला क्रॉस-रिअॅक्शन म्हणतात. स्पेन-इटलीकडं ही कहाणी बऱ्याचदा पीचपासून सुरू होते, म्हणून पीचचं प्रोटीन तपासणीत नमुना म्हणून वापरलं जातं.

पण, आणि हा पण मोठा आहे, रक्तात अँटिबॉडी सापडणं म्हणजे अॅलर्जी नव्हे. कितीतरी लोकांच्या रक्तात ती असते आणि त्यांना खाऊन काहीही होत नाही. म्हणून रिपोर्ट बघून घरच्या घरी डझनभर पदार्थ बंद करू नका, खाल्ल्यावर खरंच काय होतं ते डॉक्टरांना तपशिलात सांगा.

## "मग चटणीनं रोज का होत नाही?"

हाच तर फुटबॉलचा मुद्दा. एलटीपी अॅलर्जीत नुसता पदार्थ पुरत नाही असं पुष्कळदा दिसतं, जोडीला काहीतरी लागतं: व्यायाम, दारू, अंगदुखीच्या ब्रुफेनसारख्या गोळ्या, रिकामं पोट, जागरण. पळताना आतड्यातून जास्त प्रोटीन आत शिरतं हे एक कारण मानतात. सकाळी चटणी खाऊन पोरगं कॉलेजात बाकावर बसतं, संध्याकाळी शेंगदाणे खाऊन नव्वद मिनिटं पळतं. घरच्यांचा 'उन्हात पळाला म्हणून' हा अंदाज निम्मा बरोबर होता, फक्त गूळ-शेंगदाण्यावर कुणाचा संशय गेला नाही.

## "घाण्याचं तेल चालेल का, आणि कोलेस्ट्रॉलचं काय?"

अॅलर्जी प्रोटीनला असते, तेलाला नाही. रिफाइंड तेलात प्रोटीन जवळजवळ उरत नाही. लाकडी घाण्याच्या तेलात मात्र थोडं राहू शकतं, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच.

आणि लिपिड प्रोफाइलशी याचा काही संबंध नाही. हो, आपल्या रक्तात कोलेस्ट्रॉल इकडून तिकडं करणारं सीईटीपी नावाचं प्रोटीन आहे, त्याला अडवणारं एक औषध फायझरनं आणलं होतं आणि चाचणीत मृत्यू वाढलेले दिसल्यावर २००६ मध्ये थांबवलं. पण ते वेगळं घराणं. म्हटलं ना, ड्रायव्हर सगळे एका घरचे नसतात.

हे सगळं मी वहिनींना रविवारी समोर बसवून सांगितलं, चप्पल उलटी करून टाके दाखवले. डॉक्टरांनी पोराला मैदानावर जायच्या आधी शेंगदाणे पूर्ण बंद सांगितलेत आणि अॅड्रेनलिनचं इंजेक्शन बॅगेत ठेवायला लावलंय, त्याच्या टीममधल्या दोघांना ते टोचायला पण शिकवलंय. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा ओतला आणि म्हणाल्या, "कळलं. मग एकदा पीच आणून थोडंसं देऊन बघू का?"

"वहिनी, नको!"

"बरं बरं," म्हणाल्या, "तसंही महागच असतं म्हणे."